दुसऱ्या पाळीतल्या बांगड्या

गाढवाला गुळाची चव काय, असं लोक म्हणतात. मी जन्मभर गुळाचीच अडत केली, त्यामुळं गुळाची चव मला कळते. गाण्याच्या बाबतीत मात्र मी त्या म्हणीतलं गाढवच. त्यातून माझा पुतण्या सम्मेद आणि त्याचा दोस्त यशराज जे वाजवतात, त्याला गाणं म्हणायचं तर शाहूपुरीतल्या हमालांच्या भांडणाला मैफल म्हणावं लागेल. इंडस्ट्रियल रॉक म्हणे. गिटार, कॉम्प्युटरचा ढोल, आणि त्यावर कारखान्यातल्या यंत्रांचा खडखडाट. पैसे देऊन डोकं उठवून घ्यायचा हा प्रकार कुणी काढला देव जाणे.

तरीपण त्यांच्या ‘दुसरी पाळी’ या अल्बममधलं शेवटचं गाणं मी ऐकतो. त्यात मध्येच सगळी यंत्रं गप्प होतात आणि एका बाईच्या हातातल्या काचेच्या बांगड्या वाजतात. थोडा वेळच वाजतात, मग पुन्हा धडधड सुरू. त्या बांगड्या पूर्णिमाच्या. तिच्या नवऱ्यानं, कृष्णातनं, त्या गाण्यात घातल्या, आणि त्यांच्यापायी त्या अल्बमचं जे रामायण झालं ते माझ्याच गोदामात झालं.

कृष्णात कागलकडच्या एका खेड्यातला. दहावी झाल्याबरोबर शिरोलीच्या एका फाउंड्रीत चिकटला तो आजतागायत तिथंच. ओतलेल्या लोखंडाच्या कडा ग्राइंडर लावून घासायच्या, हे त्याचं काम. ठिणग्या पायावर आणि किंकाळी कानात, असं सगळं आयुष्य. पण गावात त्याला त्या कामामुळं कुणी ओळखत नव्हतं. गणपती आले की तो डॉल्बीवर बसायचा, आणि तिथं त्याचा थाट निराळा. भिंतीएवढे स्पीकर रचायचे, मिक्सरच्या पट्ट्या वर-खाली करायच्या, आणि अख्खी गल्ली हलवायची. एकदा माझ्या दुकानात चहा पिता पिता तो मध्येच उठला आणि म्हणाला, “अण्णा, राजारामपुरीतल्या डॉल्बीच्या गाडीचा वरचा बारका भोंगा गेलाय.” राजारामपुरी माझ्या दुकानापासून किती लांब! मी हसलो. संध्याकाळी कळलं, खरंच गेलेला. तेव्हापासून त्याच्या कानाला मी नमस्कार करत आलो. ही गोष्ट बरीच जुनी, त्याचं लग्नही झालं नव्हतं तेव्हाची.

बायको केली ती गडहिंग्लजची. पूर्णिमा. बोलण्यात कानडी हेल, थोरल्या बहिणीला अक्का, थोरल्या भावाला अण्णा. मला तर सगळा बाजारच अण्णा म्हणतो, पण ती म्हणायची तेव्हा सख्ख्या बहिणीनं हाक मारल्यासारखं वाटायचं. तीही त्याच फाउंड्रीत कामाला होती, कोअर शॉपमध्ये. साच्याच्या पोटात वाळूचा गाभा बसवावा लागतो, तो हातानं ठोकून करायचं काम तिथं बायका करतात. लाकडी डब्यात वाळू भरायची, थापायची, ठोकायची. त्या ठोकण्याबरोबर हातातल्या बांगड्या वाजायच्या. एवढ्या बायका, एवढे हात. फाउंड्रीत बाकी सगळीकडं राक्षस ओरडत असताना त्या कोपऱ्यात तेवढं माणसाचं काहीतरी वाजत असायचं.

आता माझं गोदाम यात कुठं आलं ते सांगतो. धंदा कमी झाला तसं मागचं गोदाम रिकामं पडलं. सम्मेदनं ते सरावाला मागितलं. गोणपाटाच्या थप्प्या भिंतीला लावल्या की आवाज घुमत नाही, हे ज्ञान त्या कार्ट्यांना कुणी दिलं कुणास ठाऊक. यशराज गाणार आणि गिटार वाजवणार, सम्मेद कॉम्प्युटर सांभाळणार. एकदा त्यांचा ॲम्प्लिफायर बसला म्हणून कृष्णातला बोलावलं. तो दुरुस्त करून झाला तरी हा काही उठेना. ऐकत बसला. शेवटी म्हणाला, “लेकानू, कारखान्याचं गाणं म्हणतासा आणि आवाज सगळा कॉम्प्युटरातला? ह्यात फाउंड्री कुठं हाय?”

झालं. त्या दिवसापासून दोघांचे तिघे झाले. त्यानं त्यांना फाउंड्री आणून दिली. ग्राइंडर, वाळू चाळायचं यंत्र, कॉम्प्रेसरचा सुस्कारा, भट्टी उघडताना वाजणारी साखळी. मिक्सरवर तोच बसायला लागला. पोरं त्याला दादा म्हणायची आणि तो म्हणेल ती पूर्व दिशा. पूर्णिमा डबा घेऊन यायची, दारात उभी राहून नाक मुरडायची आणि मला म्हणायची, “अण्णा, घरात बी हेच आणि हितं बी हेच. माझ्या नशिबात गप बसलेला नवरा न्हाईच की.” कृष्णात आतून ओरडायचा, “काय म्हणालीस?” ती ओरडून सांगायची. आम्ही हसायचो. कोल्हापुरात माणूस हळू बोलला तर त्याला बरं नाही का म्हणून विचारतात, तिथं कृष्णातच्या ओरडण्याचं कुणाला काय वाटणार?

बांगड्यांची कल्पना त्याचीच. पण कोअर शॉप चालू असताना रेकॉर्ड करावं तर सगळी यंत्रं आत घुसायची. मग त्यानं दिवस शोधला तो खंडेनवमीचा. त्या दिवशी फाउंड्री धुऊन पुसून चकाचक, यंत्रांना झेंडूचे हार, ग्राइंडरलासुद्धा हळदकुंकू. एक बटण दाबायचं नाही, एक हत्यार उचलायचं नाही. हत्यारांच्या विश्रांतीचा दिवस तो. इतकी शांतता वर्षातून तेवढीच. पूजा झाल्यावर प्रसाद घेऊन लोक पांगले, तशी कृष्णातनं बायकोला कोअर शॉपमध्ये नेली. सम्मेद माईक धरून होता, म्हणून हे मला माहीत. ती आधी तयारच होईना. “आज डब्याला हात लावायचा न्हाई वो, पाप हाय,” म्हणाली. कृष्णात म्हणाला, “रिकाम्या डब्याला कसला दोष? वाळू कुठं घालतोय आपण?” मग तिनं नवीन साडीचा पदर खोचला, डब्याला आधी नमस्कार केला, आणि हार घातलेल्या त्या रिकाम्या डब्यावर रोजच्यासारखे हात चालवले. सणाच्या हिरव्यागार बांगड्या हातात होत्या. ती हसत होती, असं सम्मेद सांगतो. कृष्णात समोर उकिडवा बसून तिच्या हातांकडं बघत होता आणि मान डोलावत होता.

पुढच्या श्रावणात ती गेली. कावीळ झाली, ती आधी अंगावर काढली, मग धावाधाव केली, तोवर हाताबाहेर गेलं होतं. सवाष्ण गेली म्हणून हिरवा चुडा भरला, मळवट भरला, ओटी भरली. तिच्या बांगड्या होत्या नव्हत्या त्या तिच्याबरोबरच गेल्या. लेक प्रियदर्शनी बारावीला, ती आजच्या पोरींसारखी हातात घड्याळाशिवाय काही घालत नाही. त्या घरात बांगडीचा आवाज म्हणून उरला नाही. आणि त्यातच पूर्णिमाची आई, धोंडुबाई, दहाव्याला सगळ्यांच्या देखत बोलून गेली, “खंडेनवमीला हत्याराला हात लावायला लावलास माझ्या लेकीला. देवी सोडंल व्हय?” म्हातारीचं दुःख मी समजू शकतो, लेक गेली होती तिची. पण दुःखाला जीभ असली तरी तिला लगाम नको का? मला तिचा फार राग आला. ते शब्द कृष्णातच्या आत जाऊन बसले ते बसलेच.

दिवाळीनंतर तो पुन्हा गोदामात यायला लागला. बाकी गाण्यांत आता त्याला रस नव्हता. शेवटचं गाणं आणि त्यातल्या बांगड्या, एवढंच. तिथूनच भांडणाला तोंड फुटलं.

तशी आधीही भांडणं होती. ढोल कॉम्प्युटरचा की पत्र्याच्या पिंपाचा, गिटार पुढं की ग्राइंडर पुढं, यावर तासन्‌तास घसाफोड चालायची. पुण्याच्या एका माणसानं अल्बम काढतो म्हणून सांगितलं होतं. त्यानं गाणी ऐकून निरोप धाडला की सगळं झकास आहे, फक्त वरचे बारीक आवाज फार टोचतात. पोरं म्हणाली, टोचायलाच पाहिजेत, हेच आमचं संगीत. ज्या गाण्यात कान फाटणं हाच गुण, तिथं कुणाचा कान फाटलाय हे कळावं कसं? पण शेवटच्या गाण्यात मात्र त्यांनाही सोसवेना. कृष्णात बांगड्यांची पट्टी वर वर नेत राहायचा. सुया खुपसाव्यात तसं व्हायचं. मी बाहेर तराजूपाशी बसून दात आवळायचो. तो गेला की सम्मेद पट्टी हळूच खाली आणायचा. दुसऱ्या दिवशी हा येऊन पुन्हा वर.

“दादा, तुमचं दुःख आम्हाला कळतंय,” यशराज एकदा म्हणाला. “वहिनीचा आवाज मोठा पाहिजे तुम्हाला. पण गाणं फाटतंय वो.”

“मोठा कुठं मागतोय मी? ऐकू यायला पायजे एवढंच म्हणतोय!”

आम्हाला वाटलं, हे सगळं मायेपोटी चाललंय. मेलेल्या माणसाचं कितीही ऐकलं तरी कमीच वाटणार. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. असा विचार करून आम्ही सगळे मोठ्या समजूतदारपणे चुकत राहिलो.

शेवटी यशराजनं वैतागून सम्मेदकडून बांगड्या बेताच्या ठेवून गाणं पक्कं करून घेतलं आणि पुण्याला पाठवायचं ठरवलं. सम्मेदला ते पटलं नाही. दादाला ऐकवल्याशिवाय पाठवायचं नाही, यावरून त्या दोघांचंच वाजलं आणि दोन-तीन दिवस बोलणं बंद. मग रविवारी दुपारी कृष्णातला बोलावलं. तो लेकीला मोपेडवर मागं बसवून आला. मीही काही वाकडं होऊ नये म्हणून गोदामात जाऊन बसलो.

“लाव,” तो म्हणाला.

गाणं सुरू झालं. नेहमीचा धुडगूस. मग यंत्रं थांबली आणि त्या शांततेत बांगड्या वाजल्या. स्वच्छ, बारीक, कोपऱ्यात कुणीतरी बाई काम करत बसावी तशा. माझ्या अंगावर काटा आला. इतके दिवस टोचत होतं ते हेच का, असं वाटलं. प्रियदर्शनीनं ओढणी तोंडाला लावली. कृष्णात मिक्सरवर हात टेकून वाट बघत उभा होता. यंत्रं पुन्हा सुरू झाली तसा त्याचा चेहरा लाल झाला.

“बघितलासा अण्णा? काढली तिला! कापून टाकली!”

“दादा, आत्ता वाजल्या की!” यशराज म्हणाला.

“मला येड्यात काढतोस व्हय रं?” त्यानं यशराजची गच्ची धरली. “देवीनं नेली ती नेली, तुम्ही बी काढून टाकलीसा? त्या आवाजापायी लोकं मला काय काय बोलली, आणि तोच गाण्यात न्हाई? मग कशापायी गेली ती?”

मी मध्ये पडलो, दोघांना सोडवलं. सम्मेदनं म्हटलं, थांबा, हा सूर्य आणि हा जयद्रथ. बाकी सगळं बंद करून नुसत्या बांगड्या लावतो. त्यानं लावल्या. चांगल्या मोठ्या करून लावल्या. गोदामभर पूर्णिमाचे हात चालायला लागले. आम्ही चौघं ऐकत उभे. कृष्णात एकेकाच्या तोंडाकडं बघत होता. मग तो ओरडला,

“अरं लाव की! काय बघत बसलासा? लाव!”

बांगड्या वाजतच होत्या. प्रियदर्शनी पुढं आली, बापाच्या हाताला धरलं, आणि त्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन म्हणाली, “पप्पा, लागलंय. वाजतंय. मला ऐकू येतंय की.”

त्यानं स्पीकरकडं बघितलं, मग मिक्सरवरच्या हलणाऱ्या हिरव्या दिव्यांकडं. दिवे नाचत होते. तो खाली गोणपाटावर बसला. एवढा दांडगा माणूस, पण बसला तो पोत्यातला गूळ पाझरावा तसा. माझ्या मनात मग एकेक यायला लागलं. माझा वजनकाटा वजन चुकलं की पीं पीं करतो, तेव्हा हा कधी वळून बघायचा नाही. पूर्णिमा दारातून काही म्हणाली की दर वेळी “काय म्हणालीस?” आम्ही त्यावर हसायचो.

कानाच्या डॉक्टरांकडं मीच घेऊन गेलो. काचेच्या खोलीत बसवून त्यांनी तपासलं आणि समजावून सांगितलं. जाड आवाज येतात, बारीक सगळे गेलेत. ग्राइंडरनं खाल्लेत. कानात घालायचे बोळे फाउंड्रीत मिळत होते, पण ते साहेब यायच्या दिवशी घालायचे, एरवी खिशात. बोळे घालून ग्राइंडर कसा चाललाय ते कळत नाही, असं तिथं सगळेच म्हणतात. कानाला यंत्र लावलं तर बोलणं थोडं सोपं जाईल, पण गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

कृष्णातनं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, “कवापासनं असंल हे?”

“एकदम होत नाही हे. आठ-दहा वर्षं तरी झाली असतील.”

“म्हंजे त्या खंडेनवमीला बी...”

डॉक्टरांना खंडेनवमीचं काय माहीत? ते म्हणाले, “हो, तेव्हाही हे असंच असणार.”

बाहेर आल्यावर तो दवाखान्याच्या पायरीवर बसला. मी चहा आणला, तो त्यानं घेतला नाही. माझ्याकडं वळून म्हणाला, “अण्णा, त्या दिवशी मी ऐकल्या की वो. समोर बसून ऐकल्या. तिचा हात खाली आला की वाजत होत्या.” मग म्हणाला, “का मी नुसता हातच बघत होतो?”

मी त्याच्या शेजारी बसलो आणि मला रडू आलं. माझ्या वयाच्या माणसानं भररस्त्यात रडू नये, पण आलं.

सम्मेदनं आपल्या परीनं एक खटपट केली. बांगड्यांचा आवाज कॉम्प्युटरवर खूप खाली उतरवला, जाड केला, म्हणजे कृष्णातच्या उरलेल्या कानाला पोचेल. कृष्णातनं डोळे मिटून ऐकला. ऐकू आला. पोरगं आशेनं बघत होतं. “चांगलं केलंस बाळा,” कृष्णात म्हणाला, “पण ही देवळातली घंटा झाली. ही ती न्हवं.” आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

अल्बम थांबलाच होता. यशराज येऊन पाया पडला, म्हणाला, दादा, तुमच्या मनासारखं करू, टोचू दे लोकांना. कृष्णात म्हणाला, “लोकास्नी टोचून काय करू? तिला नावं ठेवतील.” मग म्हणाला, मिक्सरवर मीच बसणार, पण येताना प्रियाला घेऊन येणार.

ते दोघं आले तेव्हा मी मुद्दाम दुकान बंद करून गेलो. बाप मिक्सरपुढं बसला, लेक त्याच्या बाजूला स्टूल घेऊन. बाकी गाण्यातल्या पट्ट्या तो स्वतःच सारत होता, यंत्रं त्याला ऐकू येत होती. बांगड्यांची वेळ आली तसा त्यानं तिच्या तोंडाकडं मान वळवली. तिनं आपलं बोट त्याच्या मनगटावर ठेवलं आणि आईचा हात पडेल तसा ठोका द्यायला लागली. एक बांगडी, एक ठोका. त्यानं पट्टी जरा खाली घेतली. “अजून वाजत्यात?” तिनं मान हलवली. अजून खाली. “टोचत न्हाईत न्हवं?” न्हाई. पुन्हा सुरुवातीपासून लावून अजून थोडं खाली. त्याला सगळं सारखंच होतं, वर असो की खाली. तो पट्टी बघत नव्हता, दिवे बघत नव्हता. लेकीच्या चेहऱ्यावर ज्या जागी आई उमटली, तिथं त्यानं हात थांबवला.

“हितं?”

“हितंच, पप्पा.”

अल्बममध्ये आज ज्या बांगड्या वाजतात, त्या त्या जागेवरच्या. अल्बम फारसा कुणी ऐकला नाही. पुण्याच्या माणसानं कळवलं की शेवटच्या गाण्यातला तो तुकडा फार नाजूक साधलाय, कुणी केला? पोरांनी कृष्णातचं नाव सांगितलं. कृष्णातला हे ओरडून सांगावं लागलं. त्यानं नुसतं “बरं” म्हटलं. फाउंड्रीत आता तो ग्राइंडरवर नाही, माल मोजून घ्यायच्या कामावर आहे, कानात यंत्र आहे, आणि गणपतीत डॉल्बीवर दुसरंच कुणी बसतं.

पण मला आठवतं ते त्या दुपारचं. पट्टी पक्की झाल्यावर सम्मेदनं ते गाणं एकदा सलग लावलं. यंत्रं थांबली. प्रियदर्शनीचं बोट बापाच्या मनगटावर पडत राहिलं, आणि तो खंडेनवमीला बसला होता तसाच मान डोलावत बसला. मग बोट थांबलं.

“संपलं?” त्यानं विचारलं.

“व्हय पप्पा, संपलं.”

“परत एकदा लाव रं,” तो सम्मेदला म्हणाला, आणि मनगट तसंच तिच्यापुढं धरून ठेवलं.